संगणकाला कल्हई

आमच्या लहानपणी गल्लीत 'कल्हईऽऽवाला' अशी आरोळी आली, की आई माजघरातली पातेली, तपेल्या, सतेली असे सगळे ओट्यावर आणून मांडी. तो माणूस जमिनीत खड्डा करी, भाता जोडी, निखारे फुलवी. नवसागराचा पांढरा धूर उठे, आणि कथलाचा तुकडा फिरवून त्याने चिंधीचा एक हात मारला की काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे लखलखू लागे. भांडे तांबटाने घडविलेले, पैसे आमचे, मालकीही आमची. पण त्या भांड्यात ताक कळकू नये ही काळजी तांबट घेत नसे. ती घेणारा माणूस वेगळा होता. तो दारोदार फिरे, आणि त्याचे नाव कुठल्याच भांड्यावर कोरलेले नसे.

आज माझ्या घरात पितळेचे पातेले एकच उरले आहे, आणि तेही शोभेला. परंतु कल्हईवाल्यांशी माझा संबंध काही तुटलेला नाही. उलट वाढलाच आहे. माझ्या टेबलावर संगणक आहे. त्याचा सगळा कारभार पाहणारे विंडोज हे मायक्रोसॉफ्टने घडविलेले. पण ते माझ्या हाताला बसावे, त्यात माझे काम कळकू नये, म्हणून मला ज्यांची रोज गरज पडते ती माणसे बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या बाहेरची. निदान सुरुवातीला तरी बाहेरची. त्यांनी लिहिलेल्या लहान लहान प्रोग्रॅमना 'युटिलिटी' म्हणतात. मराठीत त्यांना काय म्हणावे यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मी उभा जन्म छापखान्यात अक्षरजुळणी करण्यात घालविला, तेव्हा मी त्यांना आपले 'हत्यारे' म्हणतो. चिमटा, पक्कड, कानस, तसे हे.

ही हत्यारे किती मोलाची असतात, आणि त्यांच्याच वेषात घरात शिरणारी दुसरी मंडळी किती घातकी असतात, हे मला एकाच घटनेने आणि एकाच आठवड्यात कळले. २०२४ च्या श्रावणात एके सकाळी कुडाळहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ, निवृत्त शाळामास्तर. मालवणी शब्दांचा कोश करण्याचा ध्यास त्यांनी घेतलेला. मच्छीमार, सुतार, दशावतारी, बागायतदार, सुइणी अशा सगळ्यांकडे बसून, विचारून, त्यांनी अठरा वर्षांत अकरा हजारांवर शब्द जमविले होते. अक्षरागणिक एक अशा चाळीस फाइली आणि एक प्रस्तावना. एरवी माझ्याशी अण्णा व्याकरणशुद्ध बोलतात. त्या दिवशी फोन उचलताच ऐकू आले :

"अरे, माझो शब्दकोश गेलो!"

"गेला म्हणजे? कुठे गेला, अण्णा?"

"पुसलो गेलो. सगळोच्या सगळो. दोन दिवस शोधतंय."

'दोन दिवस' हे शब्द ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

"अण्णा, आधी संगणक बंद करा. आत्ताच्या आत्ता. आणि मी येईपर्यंत पुन्हा चालू करू नका."

"अरे पण शोधूक नको?"

"नको. हातसुद्धा लावू नका. मी रात्रीच्या गाडीने निघतो."

हरवलेली वस्तू शोधू नका, असा सल्ला देणारा माणूस वेडा ठरावा. अण्णांनाही तसेच वाटले असेल. पण हा सल्ला माझा नव्हे. त्याच्यामागे पीटर नॉर्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरची गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये बाजारात आला. त्यावर डॉस नावाची प्रणाली चाले. नॉर्टनने एक दिवस चुकून स्वतःचीच एक फाइल पुसून टाकली. आपण असतो तर कपाळाला हात लावून पुन्हा टाइप करायला बसलो असतो. नॉर्टन बसला तो डॉस नेमके काय करते हे पाहायला. आणि त्याला दिसले ते असे, की 'पुसा' म्हटल्यावर डॉस काही पुसतच नाही! डिस्कवर एक नोंदवही असते. तीत फाइलच्या नावाचे पहिले अक्षर खोडून तेथे एक ठरावीक खूण करावयाची, आणि त्या फाइलने अडविलेल्या जागा 'मोकळ्या' म्हणून दाखवावयाच्या, एवढेच ते काम. मजकूर जेथल्या तेथे पडून असे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने वहीत 'खोली रिकामी' असे लिहावे, आणि पाहुणा आत घोरत असावा, तसलाच हा प्रकार. दुसरा पाहुणा येऊन त्या खाटेवर पसरत नाही तोवर पहिला सापडू शकतो.

ही अक्कल नॉर्टनने एका प्रोग्रॅममध्ये घातली. १९८२ मध्ये 'नॉर्टन युटिलिटीज' या नावाने जो हत्यारांचा संच त्याने विकायला काढला त्यात हे हत्यार होते. त्याची एक गंमत मला फार आवडते. पुसलेली फाइल ते परत आणून देई, पण आधी एक प्रश्न विचारी : 'हिचे पहिले अक्षर काय होते?' कारण तेवढेच काय ते खरोखरी पुसलेले असे! पुढे त्या संचाच्या खोक्यावर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या नॉर्टनचे छायाचित्र येऊ लागले, आणि १९९० मध्ये त्याने तो सारा धंदा सिमँटेक या कंपनीला विकला. मायक्रोसॉफ्टने डॉसमध्ये पुसलेले परत आणण्याची सोय दिली ती १९९१ साली, पाचव्या आवृत्तीत. आणि टोपलीचे चित्र असलेला 'रिसायकल बिन' आला तो विंडोज ९५ बरोबर. बाहेरच्या एखाद्याने आपली अडचण आपल्यापुरती सोडवायची, ती लाखोंची अडचण आहे असे कळायचे, आणि मग मोठ्या कंपनीने ती सोय आपल्या घरात आणायची, असाच या धंद्यातला क्रम आहे. आमच्या पुण्यातही हेच घडले. कैलास काटकर यांचे दुरुस्तीचे दुकान होते. तेथे येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून नव्वदीच्या दशकात 'क्विक हील' उभे राहिले.

तर सांगावयाचा मुद्दा हा, की अण्णांचा कोश पुसला गेला असला तरी बहुधा तो डिस्कवर पडूनच होता. मात्र संगणक चालू असताना विंडोज स्वतःची शेकडो टिपणे सतत लिहीत असते. म्हणजे धर्मशाळेत नवे पाहुणे येतच असतात. अण्णा दोन दिवस शोधत होते. प्रत्येक तासाला कोणाची ना कोणाची खाट जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळला उतरलो तेव्हा धो धो पाऊस. वहिनींनी चहा पुढे केला, पण माझे लक्ष टेबलाखालच्या पेटीकडे. एका बाबतीत दैव अनुकूल होते. पेटी जुनी होती आणि तिच्यात फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क होती. हल्लीच्या 'एसएसडी' असत्या तर मी रिकाम्या हातानेच परतलो असतो. त्या डिस्कना विंडोज 'या जागा मोकळ्या झाल्या' असे लगेच कळविते, आणि मग त्या फुरसतीत खरोखरीच झाडून घेतात. वेग वाढला, पण नॉर्टनची सोय गेली. नवा संगणक घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे सांगून ठेवतो.

डिस्क खोलून काढली आणि एका केबलने माझ्या लॅपटॉपला जोडली. हाती लागेल ते दुसऱ्या डिस्कवर ठेवावयाचे, त्याच डिस्कवर परत लिहावयाचे नाही, हा या कामातला पहिला नियम. आधी नोंदवहीच्या आधाराने शोधणारे हत्यार चालविले. नावानिशी सोळा फाइली आल्या. 'क' आला, 'ग' आला, 'झ' आला. झ मध्ये 'झील' पाहून वहिनी पदराने डोळे टिपू लागल्या. पण पुढे गाडी अडली. बाकीच्यांची नोंदवहीतली पानेच दुसऱ्या कोणी वापरून टाकली होती.

तेव्हा मी 'फोटोरेक' काढले. क्रिस्तॉफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने हे लिहिले आणि जगाला फुकट दिले. दिसायला अगदी गबाळे; काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, बस्स. मुळात कॅमेऱ्यातील गेलेली छायाचित्रे परत मिळविण्यासाठी केलेले, म्हणून नावात फोटो. ते नोंदवहीकडे बघतच नाही. सारी धर्मशाळा खोलीगणिक पालथी घालते आणि प्रत्येक चेहरा न्याहाळते. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभी ठरावीक खूण असते. जुन्या वर्डच्या फाइलीची खूण तर मोठी मौजेची आहे. सोळांच्या पटीतल्या अंकांत ती 'डी शून्य सी एफ एक एक ई शून्य' अशी लिहितात. इंग्रजीत लिहून पाहा; शून्याला ओ आणि एकाला आय व एल मानले, की जवळजवळ 'डॉकफाइल' असे वाचता येते. कोणा प्रोग्रॅमरने गंमत म्हणून केलेली ही खूण अण्णांच्या कोशाला तारणार होती.

रात्रभर, सात तास, ते यंत्र खोल्या तपासत होते. पहाटे पाहतो तो हजारो फाइली, आणि एकीलाही नाव नाही! इंग्रजी 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा, बस्स. मी एक उघडली. पडद्यावर नुसता कचरा : इंग्रजी अक्षरे, कोणाच्या डोक्यावर टोपी, कोणाच्या टिंबे, मध्येच पौंडाची खूण. दुसरी उघडली; तोच कचरा. अण्णा माझ्या खांद्यामागे उभे होते. ते काही बोलले नाहीत, देवघरात जाऊन बसले.

आणि मग माझ्यातला अक्षरजुळाऱ्या जागा झाला. हा कचरा मी जन्मभर पाहिलेला! युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी फाँट असेच असत. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फक्त इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी आकृती बसविलेली. तो विशिष्ट फाँट जवळ असेल तर मराठी, नसेल तर टोप्या आणि टिंबे. अण्णांनी २००६ साली ज्या फाँटमध्ये सुरुवात केली त्यातच अठरा वर्षे काढली होती, आणि तो फाँट माझ्या लॅपटॉपवर नव्हता. वहिनींनी कपाटातून एक जुनी सीडी शोधून आणली. फाँट चढविला, फाइल पुन्हा उघडली. पहिलाच शब्द : 'चेडू'.

"अण्णा," मी हाक मारली, "च सापडला!"

पुढचे दोन दिवस आम्ही दोघे त्या बिननावाच्या गर्दीतून आपली माणसे हुडकत होतो. मी उघडायची, अण्णांनी एक ओळ वाचायची आणि सांगायचे, 'ही घ ची', 'ही जुनी प्रत, २०११ ची असावी'. एकवीस सापडल्या. एकंदर सदतीस. राहिल्या चार : 'ढ', 'ओ', प्रस्तावना आणि 'म'. ढ आणि ओ यांचे फारसे दुःख नव्हते. प्रस्तावना पुन्हा लिहिता येते. पण 'म' म्हणजे साडेसातशे शब्द, कोशातले सर्वांत मोठे अक्षर. त्याच्या खाटेवर दुसरा पाहुणा झोपून गेला होता.

आता हे घडले कसे? अण्णांचा संगणक वयोमानाने मंद झाला होता. एके दिवशी पडद्यावर पाटी आली, की तुमच्या संगणकात १,२८४ दोष सापडले आहेत. फुकट दुरुस्तीसाठी येथे टिचकी मारा. कोण कंपनी, कुठली, ते मी सांगत नाही. अशा छप्पन्न आहेत. अण्णांनी टिचकी मारली. त्या सफाई-प्रोग्रॅमने 'दुबार फाइली' शोधून दिल्या. अण्णा मोठे जपणारे; प्रत्येक फाइल त्यांनी दोन जागी ठेवली होती, 'मूळ' आणि 'जपून ठेवलेले' अशा दोन फोल्डरांत. मात्र दोन्ही फोल्डर त्याच डिस्कवर. यादीत दोन्ही प्रती आल्या, खाली 'सर्व निवडा' असे बटण होते, आणि शाळेत शिस्त शिकविणाऱ्या माणसाने शिस्तीत सर्व निवडले. रिसायकल बिनमध्येही काही गेले नाही. जागा वाचते ना! शिवाय उरलेल्या दोषांसाठी पैसे मागितले, ते निराळेच.

आई सांगे, की काही लबाड कल्हईवाले कथलात शिसे मिसळतात. झळाळी तीच, आणि जेवणारा हळूहळू विषाने जातो. या धंद्यातही शिसे फार जुने आहे. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले तेव्हा मेमरी महाग होती, आणि ती थोडी असली की विंडोज रखडे. त्या वेळी अमेरिकेत 'सॉफ्टरॅम ९५' नावाचा प्रोग्रॅम निघाला. तुमची मेमरी दामदुप्पट करून देतो, असा त्याचा दावा. लाखो लोकांनी तो विकत घेतला, मेमरी वाढल्याचे आकडे पडद्यावर डोळे भरून पाहिले. मग काही जाणत्यांनी तो उलगडून पाहिला, तेव्हा मेमरी आवळण्याचे जे काम करण्याची बढाई होती ते त्यात होतच नव्हते. नुसते आकडे! १९९६ मध्ये तेथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर कारवाई केली. 'रजिस्ट्री साफ करा' म्हणून ओरडणारे हल्लीचे प्रोग्रॅम याच गोत्रातले. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची बारीकसारीक नोंदींची चोपडी. तीतल्या चार शिळ्या नोंदी काढून वेग वाढत नाही, पण चुकून पाचवी कामाची निघाली तर संगणक बसतो. असले प्रोग्रॅम वापरण्याला आमचा पाठिंबा नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवले आहे.

आणि चांगल्यांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. 'सीक्लीनर' हे सफाईचे हत्यार पुष्कळांच्या विश्वासातले. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोणी चोरट्यांनी थेट कारखान्यात शिरून त्याच्या ५.३३ या आवृत्तीत आपला विषारी भाग मिसळला. तो सुमारे २२ लाख ७० हजार लोकांनी अधिकृत ठिकाणाहूनच उतरवून घेतला. त्यांची चूक काय? काहीच नाही.

मग कोणावर भरवसा ठेवावा? मी माझी कसोटी सांगतो, पटली तर घ्या. जे हत्यार 'सगळे ठीक करून देतो' म्हणते त्याला दाराबाहेर ठेवावे. जे फक्त 'काय चालले आहे ते दाखवितो' म्हणते त्याला ओट्यावर बसू द्यावे. सॉफ्टरॅमचे बिंग फोडणाऱ्यांत मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्स्वेल हे दोघे होते. त्यांनीच १९९६ मध्ये जी हत्यारे फुकट वाटायला सुरुवात केली ती 'सिसइंटर्नल्स' या नावाने ओळखली जातात. त्यांतले 'प्रोसेस एक्स्प्लोरर' या क्षणी संगणकात कोण कोण राबत आहे ते सांगते. 'ऑटोरन्स' हे संगणक चालू करताच न विचारता कोण उठून बसते त्याची यादी देते. २००५ च्या ऑक्टोबरअखेर रुसिनोविच यांना स्वतःच्याच संगणकात काही लपलेले सापडले. माग काढता काढता ते पोहोचले सोनी बीएमजीच्या एका गाण्याच्या सीडीपाशी! नक्कल करता येऊ नये म्हणून ती सीडी गुपचूप एक प्रोग्रॅम बसवीत असे आणि तो विंडोजच्या नजरेआड ठेवीत असे. मोठा गहजब झाला, आणि त्या सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. २००६ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने या दोघांची कंपनीच विकत घेतली. हत्यारे मात्र आजही फुकट मिळतात. पुन्हा तोच क्रम : कल्हईवाला अखेर तांबटाच्या घरी.

अण्णांच्या संगणकावर मी ऑटोरन्स चालविले, तेव्हा मंदपणाचे कारण पाच मिनिटांत कळले. सकाळी चालू करताच एकोणीस आगंतुक एकदम पाटावर बसत होते. कधीकाळच्या छपाईयंत्राचा रखवालदार, दोन वेगवेगळे व्हायरसवाले, एक हवामान सांगणारा, आणि अर्थात आमचे ते सफाई-प्रोग्रॅम! ज्यांची ओळख पटली नाही त्यांना मी हात लावला नाही. ओळखीच्या तेरांपुढची खूण काढली. एवढ्यावर संगणक निम्म्या वेळात उठू लागला. पैसा एक लागला नाही.

डिस्क भरली होती ती कशाने, हे 'विनडरस्टॅट'ने दाखविले. सारी डिस्क रंगीबेरंगी चौकटींच्या गोधडीसारखी दिसते. फाइल जेवढी मोठी तेवढे ठिगळ मोठे. या चित्रपद्धतीचा जन्मही अडचणीतूनच झाला. १९९० मध्ये मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतली ८० मेगाबाइटची डिस्क चौदा जण मिळून वापरत, आणि ती सारखी भरे. कोणी किती जागा खाल्ली हे एका दृष्टिक्षेपात दिसावे म्हणून त्यांनी ही युक्ती काढली. अण्णांच्या गोधडीत सर्वांत मोठे ठिगळ निघाले ते नातवाने उतरवून ठेवलेल्या दशावतारी नाटकांचे. ती पुसायला अण्णांनी साफ नकार दिला. मी ती एका बाहेरच्या डिस्कवर हलविली.

फाइल कुठे ठेवली ते आठवत नाही, ही अण्णांची कायमची तक्रार. विंडोजचा शोध म्हणजे सरकारी कचेरी. अर्ज द्यावा आणि बाकावर बसावे. 'एव्हरीथिंग' नावाचे हत्यार एका एका फाइलपाशी जाऊन विचारत बसत नाही, डिस्कची मूळ नोंदवहीच एकदम वाचते. लाख-सव्वा लाख नावे ते एखाद्या सेकंदात मांडून ठेवते, आणि तुम्ही दोन अक्षरे टाइप करता न करता तोच फाइल पुढे हजर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अण्णांना पडद्यावरचा बाण सापडेनासा झाला होता. मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉइज' या संचात त्यावर उतारा आहे : डाव्या बाजूची कंट्रोल कळ दोनदा दाबली की पडदा अंधारतो आणि बाणाभोवती उजेडाचे वर्तुळ पडते. हा संच विंडोज ९५ च्या काळचा. मध्यंतरी बंद पडला होता, २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. अण्णा पहिल्या दिवशी विनाकारण दहा वेळा ती कळ दाबून उजेड पाडीत होते.

खरी झटापट झाली ती भाषेशी. सदतीस फाइली जुन्या फाँटमधून काढून युनिकोडमध्ये न्यायच्या, म्हणजे पुन्हा सीडी शोधायची पाळी येणार नाही. त्यासाठी रूपांतर करणारे प्रोग्रॅम मिळतात. त्यातला एक वापरला आणि अण्णांना फाइल दाखविली. त्यांनी चष्मा सरसावला.

"अरे, हे काय? 'दऱ्या'चा 'दर्या' केलास की तू! डोंगरातल्या दऱ्या समुद्रात बुडविल्यास."

पाहतो तो खरेच. तो प्रोग्रॅम लिहिणारा मराठी नसावा. आपला हा आडवा, पापणीसारखा र त्याच्या गावीच नव्हता. कोकणात दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. तेथे हा घोटाळा चालणार कसा? अण्णांनी मग उदाहरणांची माळच लावली. लग्नातल्या आचाऱ्यांची बिदागी आचार्यांना दिली तर दोघेही रागावतील, म्हणाले. शेवटी प्रत्येक 'र्य' आणि 'र्ह' त्यांनी स्वतः तपासला. आठ दिवस त्यात गेले. अण्णांच्या कळफलकावर हा र सहजी उमटत नसे. तेव्हा मी 'ऑटोहॉटकी' बसविले. क्रिस मॅलेट या गृहस्थांनी २००३ मध्ये काढलेले हे हत्यार म्हणजे ज्याने त्याने आपली कळ आपण घडवावी अशी सोय. अमुक कळ दाबली की तमुक उमटावे, अशी एक ओळ लिहायची. माझी दोनच ओळींची : एका कळीने 'ऱ्', दुसरीने 'ॲ'. एवढ्यासाठी कोणती मोठी कंपनी अण्णांच्या दारी आली असती?

हत्यारांनाही मर्यादा असते. बुडाला भोक पडलेल्या भांड्याला कल्हई लावून काय होणार? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नित्याचा आधार संपला, आणि अण्णांची पेटी विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. मुलगा म्हणाला, नवा घ्या. अण्णा म्हणाले, कोश पुरा होऊ दे. तोडगा असा निघाला, की पेटीची इंटरनेटची तार कायमची काढून टाकली. कोशाची एक प्रत तिच्यात, एक नातवाच्या लॅपटॉपवर, आणि एक पुण्याला माझ्याकडे. ही तिसरी प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर येते, कुडाळहून येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून, आमसुलांच्या पुडीत गुंडाळलेली. मी ती उतरवून घेतो आणि रिकामा पेनड्राइव्ह परत पाठवितो. पेनड्राइव्हला आमसुलांचा वास आहे, तो काही जात नाही.

'म' साठी अण्णा पुन्हा गावोगाव हिंडले. पहिल्या खेपेला ज्यांनी शब्द सांगितले त्यांतले पुष्कळ जण आता हयात नाहीत. एका खारव्याची सून म्हणाली, की मामंजी हा शब्द वापरीत खरे, पण अर्थ मला ठाऊक नाही. अण्णांनी तो शब्द अर्थाची जागा कोरी ठेवून लिहून घेतला. गेल्या खेपेच्या पेनड्राइव्हवर 'म' ची फाइल होती. मी ती उघडली. 'मांगर' होता, 'मेर' होती. चारशे बारा शब्द झाले होते, आणि त्यांतल्या नऊ शब्दांपुढे जागा कोरी होती.